बिनकानाचा माका

३० जून, रविवार

ओगले आज काय बोलला ते शब्दाला शब्द इथे उतरवून ठेवतोय. राग उतरला की माणूस समोरच्याचे शब्द मऊ करून आठवतो, आणि मला ते होऊ द्यायचं नाही.

"बाई, अज्ञानावर प्रेम करू नका. हे परदेशी तण आहे."

असं. भोंग्यातून. चाळीस माणसांसमोर. माझ्या बायकोला.

आमच्या नर्सरीच्या मागच्या फाटकातून उतरलं की मुर्ध्याचं तळं. त्याच्या ओल्या काठाला पिवळा माका पसरलेला असतो. म्हणजे आज सकाळी नऊपर्यंत होता. बोटाच्या पेराएवढी फुलं, पण ऐन पावसात सगळा काठ हळद सांडल्यासारखा दिसतो. ॲलिस चौतीस वर्षं तिथला पाला आणून खोबरेलात उकळते आणि बाटल्या वाटते. इथपासून उत्तनपर्यंत किती बायकांच्या डोक्यावर तिचं तेल आहे ते तिलाही ठाऊक नसेल.

आज शांती नगरचे 'पाणथळ मित्र' तळं साफ करायला आले. सारखे टी-शर्ट, हातमोजे, नाश्त्याची पाकिटं. त्यांचा पुढारी शशिकांत ओगले. बँकेतून रिटायर, दादर सोडून इकडे आलेला, फुलांवर लिहितो, फिरायला नेतो. सगळे त्याला सर म्हणतात. तोंडावर मीही म्हणतो. त्याने बोट दाखवलं आणि मंडळी काठ उपटायला लागली.

ॲलिस बोंबील साफ करत होती, तशाच हातांनी धावली. "ओ, तो काढू नका! पिवला माका हाय तो. आपला हाय!"

मग ते वाक्य. कोणीतरी हसलं. मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "आँटी किती क्यूट आहेत!" हळूच, पण माझे कान तिखट. लहानपणी खाडीत होडीचं इंजिन वाजलं की ती कोणाच्या घरची ते मी बिछान्यात पडून सांगायचो.

ॲलिस परत आली, हात धुतले, बोंबील तळले.

सायकलला दोन टोपल्या बांधून मोगऱ्याची रोपं विकत विकत मी ही नर्सरी उभी केली. लोकांनी खूप ऐकवलं, मी हसून ऐकलं. पण ते मला होतं. हे तिला होतं. याच भोंग्यातून ओगलेला स्वतःचं अज्ञान बोलायला लावलं नाही तर माझं नाव गॅब्रियल नाही.

४ जुलै

सूड घ्यायला देवाने मला हंसाबेन दिली. शांती नगरला राहते, बिल्डिंगची बाग सांभाळते, तुळस माझ्याकडूनच नेते. आज फोनवर, मी न विचारता: "गॅब्रियलभाई, ओगलेसर की बुक आ रही है! दो अक्टूबर, हमारे हॉल में. पानी के पास जो फूल होते हैं ना, वो सब. स्टेज के गमले आपके."

"अरे वा! उसमें माका है क्या, हंसाबेन?"

पानं उलटल्याचा आवाज. तिच्याकडे कच्ची प्रत आहे. "है ना. सत्रह नंबर का पेज. 'पिवळा माका. परदेशी, आक्रमक. दिसेल तिथे उपटावा.'"

गमले मी देणारच, म्हटलं. माझ्या हाताने लावीन.

बेत असा: स्टेजवर, सतराव्या पानाच्या शेजारी, खरा माका फुलासकट ठेवायचा. आणि सगळ्यांसमोर विचारायचं, सर, यातलं परदेशी काय? एक मुळासकट फुटवा हवा, बस्स. संध्याकाळी काठावर जाऊन आलो. न्हाव्याने मान साफ करावी तसा काठ साफ आहे. कामाला मात्र पक्का आहे हा माणूस.

१३ जुलै

राई, मोर्वा ही शेजारची गावं, मिठागराकडचा रस्ता, सगळीकडे शोधलं. भिजलो. पिवळं दिसलं की गाडी थांबवतो. एक जोमदार झुडूप घरी आणलं. ॲलिसने दारातूनच पाहिलं.

"पाकल्या मोज."

चार.

"पानलवंग हाय ती. चाळीस वर्सं झाडं विकतोस आन पानलवंग आनतोस?"

"रोपं विकतो. रानातलं मला काय कळतंय."

"तेच तर," म्हणाली आणि आत गेली.

२१ जुलै, रविवार

आज मिळाला असं वाटलं! भराव टाकलेल्या एका प्लॉटच्या कडेला, गटाराच्या पाण्याशी, पिवळा गालिचाच. फूल तेच: मधे पिवळी चकती, भोवती आठ-दहा पाकळ्या, टोकाला चिरलेल्या. ओल्या पेपरात गुंडाळून आणलं. येताना गाडीत मी गाणं म्हटलं.

ॲलिसने फुलाकडे पाहिलंच नाही. पान उलटं केलं, सुलटं केलं.

"याला कान हायेत."

"काय?"

"कान. हे बघ, पानाला दोन बाजूंनी दोन कान. मदे एक टोक. तीन झाली. आन चकचकीत. आपल्या माक्याचं पान सरल, भाल्यासारकं, हाताला खरखरीत. आपल्याला कान न्हाय. हा भायेरचा. फूल बघून कोनबी फसतो." मग बाजूला ठेवून म्हणाली, "बोर्ड रंगवताना मी तुला हेच सांगितलेलं."

"कसला बोर्ड?"

तिने ओला पेपर उचलून कचऱ्यात टाकला. बायकांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं भांडण कुठल्याही फांदीला टांगता येतं.

पण एक गोष्ट सोन्यासारखी मिळाली. ओगलेने फूल पाहिलं, पान पाहिलं नाही! उपटायला हवा होता हा कानवाला, आणि त्याने उपटला आपला. म्हणजे स्टेजवर दोन कुंड्या लागणार. एक कानवाली, एक बिनकानाची. तो तिथे उभा राहून दोन्ही पानं हातात घेईल आणि चाळीस नाही, दोनशे माणसं बघतील. मला आज जेवण फार गोड लागलं.

१८ ऑगस्ट

'क्यूट' म्हणणारी मुलगी आज नर्सरीत आली. आवाजावरून ओळखली. नाव अनुष्का, ओगलेच्या पुस्तकाचे फोटो तिचे. गोड बोलते. मी त्याहून गोड बोललो, चहा दिला.

"अंकल, शांती नगरच्या बागांमध्ये ते पिवळ्या फुलांचं गवतासारखं पसरतं ना, ते तुम्ही लावलंय?"

"सगळं! कुठल्याही सेक्टरमध्ये जा. गॅब्रियलचाच माका."

"माका? त्याला वेडेलिया म्हणतात ना?"

मला हसू आलं. सांगितलं तिला. त्या वेळी ते नवीन आलं होतं, पुण्याकडच्या एका नर्सरीवाल्याने दिलं. मी सोसायटीत जाऊन म्हणायचो, वेडेलिया लावा. लोक म्हणायचे, "आमच्याकडे वेडे आधीच भरपूर आहेत, अजून नकोत." आठवडाभर एक रोप गेलं नाही. मग मी पाहिलं, फूल तर आपल्या माक्यासारखंच आहे. बोर्ड रंगवला, 'पिवळा माका'. मराठी माणूस खूष, गुजराती माणूस खूष, केसाला चांगला म्हणून बायका खूष. बोर्ड सगळे माझ्या हातचे. एखादा अजून असेल.

तिने सगळं लिहून घेतलं. "थँक्यू अंकल," म्हणाली, पण चहा अर्धाच प्यायली. ओगलेने हिला माझा माल जोखायला पाठवलं असणार. जोखू दे. नर्सरीवाल्याची हुशारी बँकवाल्याला कळायची नाही.

१ सप्टेंबर, रविवार

ओगले स्वतः आला. सकाळी, एकटा, हातात पुस्तकाची पानं.

"गॅब्रियलजी, मिसेस आहेत का? दोन मिनिटं बोलायचं होतं."

ॲलिस मागे कपडे वाळत घालत होती. चिमट्यांचा आवाज मला ऐकू येत होता, त्याला नाही.

"नाहीत सर. गोराईला गेलीय, बहिणीकडे."

"परत कधी येतील?"

"तिचं काय सांगता येत नाही."

तो थोडा वेळ घुटमळला. मोगऱ्याच्या रोपाकडे बघत म्हणाला, "त्यांनी तळ्यावर जे सांगितलं ते... म्हणजे मला त्यांच्याकडून परत ऐकायचं होतं."

परत ऐकायचं होतं! म्हणजे परत हसायचं होतं. मी म्हटलं, "सर, पुस्तकाच्या दिवशी भेटाल की. मी तिला घेऊनच येतो." हसत म्हटलं. हसण्यात मी कच्चा नाही.

ॲलिसने विचारलं, कोन होतं रे? मी म्हटलं, गिऱ्हाईक.

१२ सप्टेंबर

मोंतीची नव्हेनं, म्हणजे चर्चमधल्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, मग सण, पाहुणे, सगळं आटोपलं. माका अजून नाही. उत्तनच्या शेतांचे बांध पाहिले, डोंगरीची डबकी पाहिली. वीस दिवस उरले.

आज सकाळी बाहेर दात घासत होतो. ॲलिस मागच्या मोरीवर तांब्याने पाणी ओतत होती. रोजचा आवाज. दगडावर पाणी पडतं तेव्हा ते फटफटतं. पण शेवटचा तांब्या फटफटला नाही. मऊ गेला, मातीत जिरल्यासारखा. मोरीवर माती कुठली?

ती बाजाराला गेल्यावर पाहिलं. मोरीच्या भिंतीपलीकडे, जुन्या पत्र्याच्या आडोशाला, मासळीचा थर्माकोलचा डबा. डब्यात चिखल. चिखलात माका.

सरळ पान. खरखरीत. बिनकानाचा. एका टोकाला कळी.

त्या दिवशी बोंबलाच्या हातांनी तिने एक तुकडा उचलला असणार. मी पाहिला नाही. अडीच महिने मी गटारं तुडवली आणि ही बाई मला पाकळ्या मोजायला लावत होती! का लपवलं असेल? मला विचाराल तर, मी ऐनवेळी घाई करून बेत फोडीन असं वाटलं असेल तिला. तिलाही सूड हवाच आहे. फक्त बोलत नाही.

मी पत्रा होता तसा लावून ठेवला.

१ ऑक्टोबर

ॲलिस चर्चला गेली तेव्हा डब्यातून काढला. मुळं डब्याच्या तळाला चिकटली होती, थर्माकोल फोडावा लागला. चांगल्या कुंडीत लावला. दोन फुलं उमललीत, तिसरं उद्या उमलेल. कानवाला हंसाबेनच्या बागेतून आणला. दोन्हींवर ओलं गोणपाट टाकून भाड्याच्या टेम्पोत ठेवलं.

उद्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

हॉल भरलेला. कुंड्या माइकच्या बाजूला टेबलावर मांडल्या, गोणपाटाखाली. ॲलिस सणाची साडी नेसून तिसऱ्या रांगेत, शेजारी हंसाबेन. कार्यक्रमाला दहा मिनिटं होती. मी स्टेजमागच्या नळावर झारी भरायला गेलो. पातळ प्लायवूडच्या पलीकडे ओगले आणि अनुष्का.

"सर, फोटो आहे आपल्याकडे. बोर्डवर स्पष्ट आहे. 'पिवळा माका, ॲलिस नर्सरी, मुर्धा.' तुम्ही नाव तिथून घेतलंत. त्यांनीच अख्ख्या शांती नगरात चुकीचं नाव लावलं, आणि ते स्वतः हसत सांगत होते मला! सांगून टाका ना."

"पुस्तकावर नाव कोणाचं आहे?"

"तुमचं. पण..."

"मग चूक माझी. मी बोर्ड वाचला, पान नाही पाहिलं. आणि त्या बाईंना भोंग्यातून मी बोललो, बोर्ड नाही बोलला." मग, "सगळ्या प्रतींतलं सतरावं पान फाडून झालं ना?"

"पट्टी लावून. बोटं दुखतायत."

"आता माफी मागतो. बोर्डाचा विषय काढायचा नाही. त्यांचा धंदा आहे, आणि बोर्डावर नाव बायकोचं आहे. ती समोर बसली असेल."

झारी भरून पाणी माझ्या बुटात गेलं.

बोर्ड रंगवताना मी तुला हेच सांगितलेलं. ॲलिसचा आवाज मला तेव्हा ऐकू आला. पंचवीस वर्षांनी! तिखट कान म्हणे.

लाज वाटली का? वाटली. पण खरं लिहायचं तर आधी संताप आला. तीन महिने मी ज्याच्यासाठी खड्डा खणत होतो, तो मला न विचारता माझ्यावर उपकार करून मोकळा होत होता. आयुष्यभर मला हा माणूस दिसला की 'नमस्कार सर' म्हणावं लागणार, आणि मनापासून! नर्सरी मी कोणाच्या उपकारावर उभी नाही केली. याचा उपकार मी घेणार होय?

ओगले स्टेजवर गेला. माइक बाजूला ठेवला. खाली उतरून तिसऱ्या रांगेपर्यंत चालत आला, ॲलिससमोर हात जोडले आणि आपल्या साध्या आवाजात म्हणाला, "तुम्ही बरोबर होता. अज्ञान माझं होतं. मी तुमचा काठ उजाड केला. मला माफ करा."

ॲलिस गडबडून उभी राहिली. "अवो सर, बसा तुमी. उबं कशाला रावता?"

आणि टाळ्या. सगळा हॉल उभा. चूक करून टाळ्या! बायका डोळे पुसत होत्या. मी ज्यासाठी गटारं तुडवली ते सगळं घडत होतं, आणि तो त्यातून राजासारखा बाहेर येत होता.

मी माइक घेतला.

"सरांनी अर्धंच सांगितलं," म्हटलं. "उरलेलं मी सांगतो." गोणपाट ओढलं. "हा कानवाला, बाहेरचा. हा बिनकानाचा, आपला. कानवाल्याला माका नाव कोणी दिलं? मी दिलं. वेडेलिया खपत नव्हता म्हणून. बोर्ड माझ्या हातचे. माझी बायको तेव्हाच म्हणाली होती, हा माका नाही. मी तिचं ऐकलं नाही, आणि खाली नाव मात्र तिचंच लिहिलं. सरांनी बोर्ड वाचला, म्हणून काठ गेला. त्यांना हे ठाऊक आहे आणि ते मला झाकतायत. मला झाकायची गरज नाही."

ओगलेचा चेहरा उतरला. तेवढं मी बघून घेतलं.

मग हंसाबेन: "गॅब्रियलभाई, एक मिनिट. मतलब हमारे गार्डन में जो है, वो...?"

"वेडेलिया."

"हाय हाय! मैं बीस साल से उसको तेल में उबाल रही हूँ!"

सगळ्यांनी एकदम तिच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे फारसं पाहण्यासारखं नाही. पहिलं कोण हसलं ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. मग सगळेच हसले, हंसाबेनसकट.

मला वाटलं, जमलं. उपकार परत केला, हिशोब मिटला. रिक्षात बसेपर्यंत तसंच वाटत होतं.

ॲलिसने कुंडी मांडीवर घेतली होती. नया नगर मागे पडलं. मग म्हणाली, "डबा फोडलास?"

"मुळं चिकटली होती."

"इचारलं न्हाय."

"तू पण सांगितलं नव्हतंस."

"कशाला सांगू? सांगितलं असतं तर तू त्याचा दगड केला असतास, सरांना मारायला." रिक्षा खड्ड्यातून गेली, तिने कुंडी घट्ट धरली. "सरांनी काठावरचा काढला. त्यांना म्हाईत नव्हतं. तू डब्यातला काढलास. तुला म्हाईत होतं."

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवलं. त्याला ते ठाऊक होतं.

घरी येऊन तिने कुंडी मोरीपलीकडे ठेवली. मग माझ्या हातात ताट दिलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

६ ऑक्टोबर, रविवार

हंसाबेनच्या कमिटीने ठराव केला: कानवाला सगळा काढायचा, आणि ज्याने लावला त्याने काढायचा. बरोबर आहे. बाकीच्या बिल्डिंगांचेही फोन आलेत. सगळं शांती नगर उपटायला डिसेंबर उजाडेल.

सकाळी सातला विळे आणि गोण्या घेऊन गेलो. ॲलिस बरोबर आली. मी बोलावलं नव्हतं. म्हणाली, फुडं तुला कान दिसतील न दिसतील.

अर्ध्या तासाने ओगले आला, गुडघ्यापर्यंत गमबूट घालून.

"कुठून सुरू करू?"

"नाल्याच्या बाजूने," मी म्हटलं. तिथे सगळ्यात घाण आहे. चिखल, डास, प्लास्टिक. तो "बरं" म्हणाला आणि उतरला. त्याला काम येत नाही, पण थांबत नाही. प्रत्येक पान उलटून बघतो आणि मगच ओढतो. दोनदा ॲलिसला हाक मारून विचारलं, "हे बघा, याला कान आहेत ना?" ती वाकून दाखवायची, तो मान हलवायचा. मला ऐकू येत होतं. मी दुसऱ्या टोकाला होतो.

दहाच्या सुमाराला गोण्या भरल्या. ओला वेडेलिया शिशासारखा जड असतो. एक गोणी मी मुद्दाम नाल्याकडच्या पाल्याने भरली, मुळांच्या चिखलासकट, पायाने दाबून दाबून. तोंड बांधलं आणि ओगलेच्या पुढ्यात ठेवली.

"ही गेटपर्यंत न्या सर. हलकी आहे."

त्याने उचलली. पाठ वाकली, चष्मा घसरला, पण खाली ठेवली नाही. चार पावलं, सहा पावलं. मी मोजत होतो. मनाला बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू?

"सर!" ॲलिसने हाक मारली. "ती ठेवा खाली. तुमी चा प्यायला चला. गॅबरेल आनील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा सर. जा तुम्ही."

दोघं बोलत बोलत गेटकडे गेले. ती त्याला तेल कसं उकळायचं ते सांगत होती.

गोणी पाठीवर घेतली. जरा जास्तच दाबून भरली होती मी.